दुपटीचे काका

बांगड्याचा भाव दुप्पट झाला की लोक चिडतात, काका खुलतात. पिशवी खाली ठेवून विचारतात, "गेल्या पंधरवड्यातल्या चढ्या भावांची सरासरी किती गं?" कोळीण म्हणते, "घ्यायचा तर घ्या, नायतर वाट सोडा."

काका रत्नागिरीसमोरच्या बोयाचे आकडे तपासतात. नांगरून ठेवलेला पिवळा गोळा लाटेसरशी वरखाली होतो, पोटातलं यंत्र उसळीचं त्वरण मोजतं, त्यावरून उंची निघते आणि दर अर्ध्या तासाची जंत्री काकांपुढे येते. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढायची; काकांच्या भाषेत तोच त्या वेळचा 'समुद्र'. एखादी लाट या सरासरीच्या दुपटीला ओलांडून गेली की ती राक्षसी. अशी लाट आपल्या बोयात सापडावी, ही काकांची जन्माची हौस. आणि सापडलेली लाट खोटी ठरवता येते का ते बघणं, ही नोकरी.

त्यामुळे सकाळी ते "आली!" म्हणून ओरडतात आणि दुपारच्या चहापर्यंत तोंड पाडून बसतात. एकदा रात्री दोनची उसळी दिसली. तांडेलाला फोन. "काय मोठं आलं होतं का रे?"

"मोठं काय नाय साहेब. आमीच. होडी बांधली होती तुमच्या बोयाला."

डिसेंबरात मात्र एक लाट साऱ्या चाचण्यांतून पार झाली. काकांनी पेढे आणले. काकूंनी उंची विचारली.

"पंच्याण्णव सेंटीमीटर." समुद्र होता पंचेचाळीसचा.

"अहो, ही तर माझ्या कमरेला लागेल!"

"राक्षस बुटका असला तरी नियमात बसतो."

खरं तर साध्या संभाव्यतेच्या गणितानं तीन हजार लाटांत एखादी दुपटीची निघतेच. सात सेकंदांना एक लाट धरली तर दिवसाला चार राक्षस झाले. म्हणूनच काही जण दुपटीऐवजी सव्वादोनपटीच्या आसपास रेघ मारतात. पेढे खाणाऱ्यांना काका हे सांगत नाहीत.

त्यांचं दैवत नॉर्वेच्या समुद्रातला द्राउपनर मंच. 1 जानेवारी 1995 ला, बारा मीटरच्या समुद्रात, तिथल्या लेझरनं 25.6 मीटरची लाट टिपली. मंचाचं खाली थोडं नुकसानही झालं होतं, म्हणून आकड्यावर विश्वास बसला. "नशीब लागतं," काका म्हणतात. "आमचं कधी काही मोडत नाही." त्यांचा बोया तर कबड्डीपटूसारखा उंच लाटेच्या माथ्याला हुलकावणी देऊन बाजूनं निसटतो. पण नोव्हेंबर 2020 मध्ये कॅनडात युक्लुलेटजवळ, सहाएक मीटरच्या समुद्रात, 17.6 मीटरची लाट सापडली तीही बोयालाच, आणि किनाऱ्यापासून फार लांब नाही. जवळजवळ तिप्पट! ही बातमी काकांनी भाऊबंदकीतल्या निकालासारखी मनाला लावून घेतली.

आणि गेल्या जुलैत ती आली. समुद्र चार मीटरचा, लाट नऊच्या वर. होडी बांधलेली नाही, यंत्रात बिघाड नाही, आकड्यांत खाडाखोड नाही. काकांनी पेढे आणले नाहीत. जंत्री पुन्हा पुन्हा चाळली, 'संशयित' असा शेरा मारला आणि तांडेलाला फोन लावला.

"त्या दिवशी तुमचं काही मोडलं का रे? फळी, वल्हं, काहीही?"

"साहेब, जुलैत मासेमारी बंद. होडी वाळूत, मी घरात."

काकांनी वहीत नोंद केली : साक्षीदार झोपलेला. तपास चालू.