तहकूब सभेस गणपूर्ती लागत नाही

कायद्याच्या पुस्तकांत विनोद शोधण्याची सवय वकिलांनाही नसते, मग सामान्य वाचकाला ती कोठून असणार. परंतु ज्याला निर्व्याज आणि स्वतःच्या विनोदीपणाची सुतराम जाणीव नसलेला विनोद अनुभवावयाचा असेल, त्याने महाराष्ट्रातील ग्रामसभेच्या गणपूर्तीचा नियम एकवार सावकाश वाचून पाहावा. गावातील एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार सभेस हजर असलेच पाहिजेत, असे हा नियम प्रथम मोठ्या करारी मुद्रेने बजावतो. तितके न जमल्यास सभा तहकूब करावी असे फर्मावतो. आणि मग आवाज किंचित खाली आणून, तहकूब झालेली सभा पुन्हा भरेल तेव्हा तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही, अशी पुस्ती जोडतो. म्हणजे लोक आले तर सभा होते, आणि न आले तर ती निर्वेधपणे होते. कंपन्यांच्या कायद्यातही हीच युक्ती योजलेली आहे. पण तेथे घरी बसलेल्या भागधारकाला निदान लाभांशाची आशा असते.

हा नियम पुष्कळांना दोषास्पद वाटतो. मला मात्र तो आपल्या सात दशकांच्या ग्रामविकासाचे सार वाटतो. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ सामूहिक विकास प्रकल्पांचा आरंभ झाला, तेव्हा ही चळवळ लोकांची असून सरकार केवळ तिच्या मदतीला उभे आहे, असे सांगण्यात आले होते. पाच वर्षांनी बलवंतराय मेहता समितीने हिशेब पाहिला, तो लोक त्यात फारसे नाहीत असे आढळून आले. मग लोकांना आत घेण्यासाठी पंचायत राज्य आले. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, सभापती आले, सभापतींच्या जीपगाड्या आल्या. १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तर ग्रामसभेला प्रत्यक्ष राज्यघटनेत आसन दिले. ज्या घरात पाहुणा यावा म्हणून इतकी दालने बांधली गेली, त्या घरात तो अद्याप ओसरीवरच का उभा आहे, हे कोडे सोडविण्यासाठी सांप्रत कार्यशाळा भरविल्या जातात.

अशीच एक कार्यशाळा आमच्या गावी भरली. शाळेच्या भिंतीवर पारदर्शकता, समावेशकता, परस्परविश्वास आणि सक्षमीकरण ही चार मूलभूत मूल्ये छापलेला फ्लेक्स लावलेला होता, व त्याखाली, मूल्यांपेक्षा मोठ्या आकारात, ती मूल्ये गावाला ज्यांच्या सौजन्याने प्राप्त झाली त्या मान्यवरांची छायाचित्रे होती. तालुक्याहून आलेल्या प्रशिक्षकांनी प्रारंभीच सांगितले की, आज आम्ही शिकवावयास नव्हे, शिकावयास आलो आहोत. आणि त्यानंतर दीड तास ते बोलले.

सहभागीय पद्धतीचा हा जो संप्रदाय आहे, त्याचे एक आचार्य म्हणजे इंग्लंडातील रॉबर्ट चेंबर्स. त्यांची शिकवण थोडक्यात अशी की, तज्ज्ञाने खुर्ची सोडून जमिनीवर बसावे, हातातील छडी गावकऱ्याच्या हाती द्यावी आणि आपण गप्प राहावे. शिकवण थोर आहे, आणि आमच्याकडे तिचे पालनही झाले. छडी एका गावकऱ्याच्या हाती खरोखरच देण्यात आली, छायाचित्र निघाले, आणि मग ती परत घेण्यात आली. पुढे पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढावयाचा होता. येथे मात्र, प्रशिक्षकांच्या योजनेत नसतानाही, काही तरी खरे घडू लागले. बायका ओट्यांवरून उतरल्या, पोरांनी ओढा निळा केला, कोणी विटांच्या तुकड्यांनी घरे मांडली, आणि माळावरच्या वस्तीतील एक म्हातारी, जिला मी कोणत्याही सभेत तोंड उघडताना पाहिले नव्हते, ती वाकून पुढे झाली व तिने मुठीतली हळद आपल्या वस्तीच्या जागी हलकेच सोडली. ‘‘हितं हीर पायजे,’’ एवढेच ती म्हणाली. प्रशिक्षक सद्गदित झाले. त्यांनी त्या हळदीचे छायाचित्र तीन बाजूंनी घेतले.

त्यानंतर चपाती-आकृतीचा खेळ झाला. ज्यांना हा शास्त्रीय प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: गावाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेसाठी कागदाची एक गोल चपाती कापावयाची, संस्था जितकी महत्त्वाची तितकी चपाती मोठी, आणि ती लोकांना जितकी जवळची तितकी गावाच्या जवळ ठेवावयाची. गावकऱ्यांनी रेशनच्या दुकानाची चपाती भाकरीएवढी केली आणि ग्रामपंचायतीची पुरीएवढी करून ती ओढ्यापलीकडे ठेवली. आमचे ग्रामसेवक, ज्यांना सर्व गाव आदराने भाऊसाहेब म्हणते, ते काही क्षण स्तब्ध राहिले. मग वारा आल्याचे निमित्त करून त्यांनी ती चपाती उचलली व मारुतीच्या देवळाशेजारी, वर दगड ठेवून, कायम केली.

शेरी आर्नस्टाइन नावाच्या अमेरिकन विदुषीने १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी कल्पिली. तिच्या माथ्यावर सत्ता नागरिकांच्या हाती असते. तळच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसते खेळविले वा समजाविले जाते, म्हणून त्यांना सहभाग म्हणण्यासही बाईंनी नकार दिला. आमच्या तालुक्याने त्या शिडीखाली जमीन खणून एक नववी पायरी सिद्ध केली आहे; तीवर मनुष्य स्वतः नसतो, त्याची सही असते. महिलांच्या ग्रामसभेची नोंदवही तर शिपायाच्या काखेतून घरोघरी फिरते, आणि चुलीपुढील स्त्रीने पिठाच्या हाताने अंगठा उमटविला की तिचे सक्षमीकरण त्या तिमाहीपुरते पूर्ण होते. पाणीयोजनांत ज्या दहा टक्के लोकवर्गणीवरून लोकांची आपुलकी मोजावयाची असते, ती वर्गणी अनेक ठिकाणी ठेकेदारच भरतो, यावरून आपुलकी कोणाची अधिक आहे हे दिसतेच.

या सुरळीत व्यवहाराला अपशकुन करणारी गावेही आहेत. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) नावाचे चिमुकले गोंड गाव आहे. आपल्या गावात आपणच सरकार, अशी घोषणा करून ते थांबले असते तर कोणाची हरकत नव्हती, कारण घोषणांसाठी आपल्याकडे भिंती पुष्कळ आहेत; पण त्या लोकांनी ती शब्दशः घेतली. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचीही खंत उरली असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. शिवाय त्यांनी अभ्यासगट काढून कायदे वाचले, ही तर शासनाच्या दृष्टीने सहभागाची निव्वळ विकृतीच होय. परिणाम असा झाला की २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला, आणि आपल्याच बांबूच्या वाहतुकीचा परवाना आपणच देण्याचा अधिकार वनखात्याशी झगडून २०११ साली त्यांनी पदरात पाडून घेतला. एकेका ठरावासाठी इतक्या बैठका! आमच्या भाऊसाहेबांना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी अत्यंत कळकळीने विचारले, ‘‘मग त्यांचा मार्चअखेरचा खर्च कसा हो पडतो?’’

परवा घराच्या नमुना ८ चा उतारा काढावयास मी पंचायतीत गेलो होतो. टेबलावर प्रोसिडिंगची वही उघडी होती. २ ऑक्टोबरची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरली, आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी आलेल्या विषयांत, गावाच्या प्रवेशद्वारी स्वागतकमान उभारून तीखाली पेव्हर ब्लॉक बसविण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला, असे तीत लिहिलेले होते. अनुमोदक म्हणून माझे नाव होते. त्या दिवशी मी पुण्यास व्याह्यांकडे होतो, हे मी भाऊसाहेबांच्या नजरेस आणून दिले. ‘‘आपल्यासारखी जाणती माणसं ठरावाला पाहिजेतच, साहेब,’’ ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यालो, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

बाहेर पायरीवर ती माळावरची म्हातारी रिकामी घागर शेजारी ठेवून बसली होती. मला पाहून ती उठली नाही. मान मात्र तिने वर केली.

‘‘दादा, कमानीला तुमीच व्हय म्हनला म्हनं?’’

मी उताऱ्याची घडी घातली आणि ती खिशात नीट बसते की नाही, हे पुष्कळ वेळ पाहत राहिलो.