वुडलँड्समध्ये फूट: केएल की बँकॉक?

ऐकलंत का? सिंगापूरच्या वुडलँड्समधल्या मराठी घरांत उभी फूट पडली आहे. भांडण गणपतीच्या वर्गणीवरून नाही, नाटकातल्या भूमिकेवरूनही नाही. जूनच्या सुट्टीत चार दिवस जायचं कुठे, क्वालालंपूरला की बँकॉकला, एवढ्यावरून! इमारतीखालच्या व्हॉइड डेकवर पोरं एकत्र सायकली फिरवतात आणि त्यांच्या आया लिफ्टमध्ये एकमेकींना पाहून मोबाइलमध्ये डोकं खुपसतात. शोभतं का हे?

आगीत तेल ओतलं दोन सरकारांनी. 2023च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा माफ केला, तर डिसेंबरात मलेशियाने. तोवर कसं, व्हिसाची कटकट पुढे केली की नवरेमंडळी सुटायची. आता बिचाऱ्यांना सबबच उरली नाही.

केएलवाले (क्वालालंपूर म्हणायला इथे वेळ कुणाला आहे?) म्हणतात, विमानाचे पैसे कशाला घालवायचे? पलीकडच्या मलेशियातल्या जोहोर बारूचे दिवे तर खिडकीतून दिसतात. 1924 सालचा कॉजवे ओलांडला की पुढे साडेतीनशे किलोमीटर सुरेख रस्ता. सुरेख खराच, पण आधी तो कॉजवे ओलांडायचा ना! लांबी जेमतेम एक किलोमीटर, आणि तिथल्या तपासणी नाक्यांवरून रोज तीन लाखांवर माणसं ये-जा करतात. लाँग वीकेंडच्या आदल्या संध्याकाळी निघालात तर डब्यातले पराठे वुडलँड्सच्या हद्दीतच संपतात. त्यात सिंगापूरच्या गाडीची टाकी पाऊण भरलेली लागते, नाहीतर मागे फिरा. पलीकडे पेट्रोल स्वस्त म्हणून एक गृहस्थ काटा खाली ठेवून निघाले होते. नाव सांगत नाही, पण त्या दिवशी त्यांच्या सौ. गाडीत जे बोलल्या ते शेजारच्या रांगेतल्या बसनेही ऐकलं म्हणे.

बँकॉकवाल्यांनी तर कहरच केला. ‘केएल राजधानी तरी कुठे राहिली? सरकारी कचेऱ्या 1999पासून पुत्रजयाला गेल्या!’ आता बोला. सुट्टीत काय मंत्रालयात खेटे घालायचे आहेत? शिवाय कायद्याने राजधानी अजून केएलच आहे. राजवाडा तिथे, संसदही तिथेच.

पण खरी मौज बँकॉकवाल्यांच्या घरात. बेत ठरला, तिकिटं निघाली, आता पुण्याला सासूबाईंना सांगायचं कसं? बँकॉक म्हटलं की तिकडच्या भुवया अजून वर जातात. मग एका हुशार सूनबाईंनी शक्कल काढली. सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, त्याचा फोटो आधी पाठवला. मागोमाग राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाचा, भिंतींवर थायी रामायण रंगवलेलं. देवदर्शनच झालं की! प्रतूनामच्या घाऊक कपडेबाजारातून भरून आलेल्या बॅगांचा फोटो मात्र कुठल्याच ग्रुपवर नाही. आहे ना गंमत?

पोटाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी बँकॉकमध्ये सावध राहावं. साध्या परतलेल्या भाजीतसुद्धा माशाचं पाणी असतं. पिवळ्या पाटीवर लाल थायी अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधायचं, तिथे मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासवाल्यांची सोय परस्पर झाली. केएलला ही यातायात नको. तिथल्या ब्रिकफील्ड्स भागात केळीच्या पानावर भात, सांबार, भाज्या, वर पापड. पण जेवून देवदर्शनाला बाटू केव्हजच्या गुहेत जायचं, तर 272 पायऱ्या आहेत. 2018मध्ये त्या इंद्रधनुषी रंगवल्या, म्हणून काय गुडघ्यांना हलक्या लागतात?

माझं विचाराल तर केएलवर अन्याय होतोय. विमानात बसल्याशिवाय सहल झाल्यासारखं आपल्या लोकांना वाटतच नाही. गाडीने जाता येतं, एवढाच त्या शहराचा गुन्हा. आणि बँकॉकचं विमान अडीच तासांत पोचतं म्हणून मिरवणाऱ्यांनी चांगी विमानतळ बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे हेही सांगावं. तेव्हा आजी-आजोबा बरोबर असतील तर केएल, आणि लाँग वीकेंड टाळून. नुसती खरेदी करायची असेल तर खुशाल बँकॉक, पण चतुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारीच भरतो. मंगळवारी जाऊन, बंद शटरं बघून इथे येऊन नाकं मुरडू नका.