मानधन नको, बिल घ्या

वाळूजच्या एका कारखान्यात मी 22 वर्षं खरेदी विभागात काढली. गेल्या वर्षी राजीनामा दिला आणि पूर्णवेळ लिहायला बसलो. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात कुणी ओळखीचं भेटलं की पहिलं वाक्य, "आता मजा आहे तुमची." दुसरं, "आमच्या स्मरणिकेला एक लेख द्या ना." पैशाचं नाव तिसऱ्या वाक्यातही निघत नाही.

1985 मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग हे शहर सुटे भाग बनवायला शिकलं. पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ टाकून बसलेला माणूसही पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, हातात पडल्याशिवाय मशीन चालू करत नाही. नग किती, दर काय, पैसे किती दिवसांत, माल नापास झाला तर काय करायचं, सगळं त्या एका कागदावर असतं. असे हजारो कागद माझ्या सहीने निघाले. त्याच शहरात लेख मागणारा माणूस शब्दसंख्या सांगतो, तारीख बजावतो आणि दर विचारला की म्हणतो, "मानधनाचं बघू."

माझं भांडण या शब्दाशीच आहे. मानधन म्हटलं की रक्कम देणाऱ्याच्या मर्जीवर जाते. बिल दिलं की ते माझं येणं होतं.

मागच्या महिन्यातल्या एका लेखाची कॉस्टिंग मांडली, एखाद्या ब्रॅकेटची मांडायचो तशीच. शेंद्र्याला दोन दिवस चकरा, तीन मुलाखती, त्या उतरवून काढायला एक दिवस, लिहायला दोन, दुरुस्त्यांना अर्धा. साडेपाच दिवस, 1,500 शब्द. मिळाले 1,000 रुपये, तेही तीनदा आठवण केल्यावर. या दरात वाळूजमधला कुठलाही व्हेंडर मला दारात उभं करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

कायदा मात्र लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी फुकट होते, सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. ती असली की 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असला तरी फार तर 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिपटीने व्याज, दरमहा चक्रवाढ. खरेदी विभागात ही कलमं आम्हाला तोंडपाठ होती. 1957 चा कॉपीराइट कायदाही वाचून ठेवावा. लेखी दिल्याशिवाय हक्क दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, आणि कागदावर मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. "एकदा छापला की लेख आमचा" असं सांगणाऱ्याला हे ऐकवावं.

धीर द्यायला लोक अच्युत गोडबोल्यांचं नाव घेतात. सॉफ्टवेअर कंपन्यांची प्रमुखपदं सांभाळलेला हा माणूस पूर्णवेळ मराठीत लिहू लागला. त्यांचं 'किमयागार' मी कंपनीच्या बसमध्ये वाचलं, पहिल्या शिफ्टला जाताना, आणि त्या पुस्तकाचं ऋण मानतो. पण मी ज्या पायरीवरून उतरलो तिथे घराचे हप्ते अजून चालू असतात. तिथल्या माणसाला उदाहरणापेक्षा ठरलेल्या तारखेला खात्यात आलेले पैसे जास्त धीर देतात.

परवा एका संस्थेच्या कार्यवाहांचा फोन आला. रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, दोन लेख हवेत. मी दर सांगितला, निम्मे आगाऊ, उरलेले 15 दिवसांत, आणि हे सगळं ईमेलवर लिहून द्या म्हणालो. पलीकडे शांतता. मग, "अहो, तुम्ही तर आपलेच." आपलाच आहे, म्हणून लेख वेळेवर आणि तपासून देईन, मी म्हणालो. "कार्यकारिणीत विचारून सांगतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अजून ईमेल आलेला नाही. दर तोच आहे.