साग्रसंगीत केशनिर्मूलन : नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका वाचण्यापूर्वी वाचिकेने एका प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे : पायावरचे केस नकोसे झाले आहेत ते नेमके कोणाला? ‘मला’ असे उत्तर आल्यास पुढे वाचावे. ‘मावशीला’, ‘वर्गातल्या मुलींना’ किंवा ‘प्री-वेडिंगच्या फोटोग्राफरला’ असे आल्यासही पुढेच वाचावे. पद्धती त्याच आहेत. दुखल्यावर शिव्या कोणाला द्यायच्या, तेवढे आधीच ठरलेले असते.

ज्या मुलखात बायका नऊवारीचा काष्टा मारून, पोटऱ्या उघड्या टाकून भातलावणीला उभ्या राहिल्या, तिथे पोटरीवरच्या केसांची चर्चा बांधावर कोणी केल्याचे ऐकिवात नाही. मग सहावारी आली आणि तिने पाय घोट्यापर्यंत झाकून टाकला. पुढे स्कर्ट, कॅप्री, शॉर्ट्स अशा हप्त्याहप्त्याने तो पुन्हा उघडा झाला तेव्हा मात्र लोक त्याची तपासणी करायला बसलेलेच होते. अमेरिकेतही हे खूळ फार जुने नाही. तिथे जिलेटने बायकांसाठी पहिला रेझर 1915 साली काढला, पण तो बिनबाह्यांच्या पोशाखांमुळे, काखेसाठी. पायाची पाळी झगे आखूड झाल्यावर आली. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूटकडे वळले, मोजे मिळेनात, तेव्हा बायकांनी पायाला मोज्याच्या रंगाचा द्राव फासला. रंगवलेल्या पायावर केस फारच उठून दिसत. तेव्हा आपल्या पोटरीच्या दुःखाचा एक धागा थेट हिटलरपर्यंत जातो, हे अभ्यासूंनी टिपून ठेवावे.

आता शत्रूची ओळख. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षे वाढतो. पायावरचा काही महिने वाढतो, थांबतो आणि गळून पडतो. म्हणूनच पायाची वेणी घालावी लागत नाही. शिवाय सगळे केस एकाच वेळी हजर नसतात. काही वाढत असतात, काही विश्रांती घेत असतात, काही अजून त्वचेखालीच असतात. मंगळवारी वॅक्स केले आणि पुढच्या मंगळवारी चार केस डोलताना दिसले, तर पार्लरवालीशी भांडू नये. त्या दिवशी ते आलेच नव्हते.

पद्धत केसांचा पोत पाहून निवडावी, असे सगळीकडे लिहिलेले असते. अनुभवी बायका ती बाथरूमची कडी पाहून निवडतात. घरात माणसे किती, बाथरूम किती, कडी नीट लागते का, आणि ‘झालं का गं? पाणी जाईल’ ही हाक साधारण कितव्या मिनिटाला येते, याचा हिशेब आधी करावा. पंधरा मिनिटांच्या आत हाक येत असेल तर तुमची पद्धत रेझर. संपूर्ण घर दुपारभर रिकामे मिळत असेल तर तुम्ही नशीबवान आहात, तुम्ही वॅक्सची स्वप्ने पाहू शकता.

रेझर घेण्याआधी मावशीला तोंड द्यावे लागते. ‘रेझर लावलास ना, की मेले दाट येतात. काळे येतात. बाप्यांसारखे राठ येतात.’ मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी 1928 साली दाढ्यांचा नीट अभ्यास करून दाखवले, की वस्तऱ्याने केस ना जाड होतो, ना त्याच्या वाढीचा वेग बदलतो. केस मुळाशी असतो तेवढाच राहतो. वरचे निमुळते टोक कापले गेल्याने नवा केस बोथट टोक घेऊन वर येतो आणि हाताला टोचतो, इतकेच. ही माहिती मावशीला सांगू नये. तिचाही शास्त्रावर विश्वास आहे, पण तिच्या शास्त्रात मांजर आडवे जाते.

कृती सोपी आहे. कोमट पाण्याने अंघोळ होत आली की केस मऊ पडतात, तेव्हा साबणाचा भरपूर फेस करून पाते हलक्या हाताने फिरवावे. कोरड्या पायावर कधीही फिरवू नये. गुडघा वाकवून घ्यावा आणि घोट्याच्या हाडापाशी मनातले सगळे विचार थांबवावेत. पाते नवे असावे. मुख्य म्हणजे स्वतःचे असावे. बाबांचा रेझर वापरून जागच्या जागी ठेवल्यास बाबा काही विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गालावर तुरटी फिरवत बाहेर येतात, पेपर उघडतात आणि संध्याकाळी येताना नवा रेझर आणतात. तो कोणासाठी आणला याचा उच्चार त्या घरात होत नाही.

क्रीमबद्दल थोडक्यात. त्यात थायोग्लायकोलेट नावाचे रसायन असते. केसातल्या केराटिनला बांधून ठेवणारे गंधकाचे दुवे ते तोडते, केस लगदा होऊन पुसला जातो. केराटिन त्वचेच्या वरच्या थरातही असते आणि रसायनाला दोघांतला फरक कळत नाही. त्यामुळे पाकिटावर लिहिलेली मिनिटे म्हणजे मिनिटेच. फोन आला म्हणून ‘आणखी थोडं राहू दे’ असे करू नये, आणि आदल्या दिवशी कोपऱ्यात थोडे लावून पाहिल्याशिवाय अख्ख्या पायाला फासू नये. या काळात बाथरूममध्ये दोन्ही पाय कुरडयांसारखे वाळत घालून बसावे लागते. वास दाराखालून बाहेर जातो, म्हणजे हे काम गुपचूप होत नाही. कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत केस झडवण्यासाठी शंखाचे चूर्ण दोन भाग आणि हरताळ एक भाग असा लेप दिला आहे. हरताळात आर्सेनिक असते. परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा, लेप करू नये.

आता वॅक्स. हा विषय मोठा आहे, बसून घ्यावे.

घरगुती वॅक्स म्हणजे साखर, लिंबू आणि थोडे पाणी. पाक एकतारी झाला की लाडवाचा, त्याच्या बराच पुढे गेला की पायाचा. मधली अवस्था कोणाच्याच उपयोगाची नसते. रंग मधासारखा झाल्यावर भांडे उतरवून ठेवावे आणि तिथून हलू नये, कारण उघड्या पातेल्यात बोट घालून चाखणारा एक तरी पुरुष प्रत्येक घरात असतो. निवल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपका लावून गरमपणा पाहावा. साखरेचा पाक भाजला तर चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. जुन्या सुती साडीच्या किंवा जीन्सच्या पट्ट्या कापून ठेवाव्यात. पाक केसांच्या दिशेने लावायचा, पट्टी दाबायची, त्वचा दुसऱ्या हाताने ताणून धरायची आणि पट्टी उलट्या दिशेने, पायाला समांतर, एका झटक्यात ओढायची. वर उचलून ओढल्यास केस अर्ध्यात तुटतो आणि सालही सोलवटते. हळूहळू ओढणे हा दयाळूपणा इथे गुन्हा आहे. पहिली पट्टी ओढायला जो धीर लागतो तो ज्यांना होत नाही, त्या एक पट्टी पायाला चिकटवून अर्धा तास बसून राहतात आणि शेवटी धाकट्या बहिणीला हाक मारतात. बहिणीला मागची सगळी भांडणे त्या क्षणी आठवतात.

म्हणून पार्लर. पार्लर बहुधा पहिल्या मजल्यावर, खाली किराणा किंवा झेरॉक्सचे दुकान, आत एक पडदा. पडद्याआड गेल्यावर प्रश्नपत्रिका सुरू होते. ‘हाफ लेग की फुल?’ ‘नॉर्मल, चॉकलेट की रिका?’ नवशिकीने इथे गोंधळून महागातले सांगू नये. सगळ्यांत केस मुळापासूनच उपटला जातो. फरक असतो तो त्वचेला किती चिकटते आणि किती लाल करते यात. मग पावडर लागते, बोथट सुरीने गरम वॅक्स पसरते आणि ताई पाय न्याहाळते. ‘ग्रोथ खूप आहे हो. मध्ये रेझर मारलं होतंत का?’ इथे खोटे बोलण्यात अर्थ नाही, तिला केसाच्या टोकावरून कळते. ‘टॅन पण झालंय. डी-टॅन करून टाकू?’ या प्रश्नाला ‘पुढच्या वेळी’ हे एकच उत्तर शिकून जावे. फाड्दिशी पट्टी निघते त्या नेमक्या क्षणी ती ‘मग, लग्नाचं काय ठरलं?’ असे विचारते. ही भूल देण्याची तिची पद्धत आहे. नडगीच्या दुखण्यापेक्षा प्रश्नाची चीड मोठी ठरते आणि दुसरी पट्टी निघून गेलेली कळतही नाही. मला ही विद्या फार वरच्या दर्जाची वाटते.

लाज न बाळगता विचारायच्या गोष्टी दोन. पट्ट्या नव्या आहेत ना? आणि पायाला लागलेली सुरी पुन्हा त्याच डब्यात बुडतेय का? ज्यांना मधुमेह आहे, पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या पडद्याआड जाऊच नये. गोळ्यांनी त्वचा इतकी नाजूक होते की केसाबरोबर तीही निघते.

वॅक्ससाठी केस निदान अर्धा सेंटिमीटर वाढलेला लागतो. म्हणजे गुळगुळीत पायांची मालकीण होण्यासाठी आधी काही आठवडे केसाळ पायांची मालकीण व्हावे लागते. हे आठवडे लेगिंग्जमध्ये काढावेत असा प्रघात आहे. नेमका याच आठवड्यांत पाऊस पडतो, रस्त्यात गुडघाभर पाणी साचते आणि ऑफिसातल्या सगळ्यांसमोर सलवार वर धरावी लागते. लग्नघरात तर तारखांचा मेळ मुहूर्तापेक्षा अवघड. मेंदीनंतर वॅक्स केले तर पायावरचा रंग पट्टीबरोबर जातो, हळदीच्याच सकाळी केले तर सोललेल्या त्वचेला हळद झोंबते. तेव्हा मेंदीच्या दोन दिवस आधीचा दिवस धरावा आणि तो गुरुजींना विचारू नये.

नंतर एक-दोन दिवस कढत पाणी, घट्ट जीन्स आणि ऊन टाळावे. बारीक लाल पुरळ येऊन जाते. एखादा केस बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो आणि त्याची पुळी होते. ती टाचणीने उकरण्याचा मोह दुपारी तीनच्या सुमारास होतो. त्या वेळी टाचण्या दुसऱ्याकडे द्याव्यात.

एपिलेटर हे यंत्र 1986 साली इस्रायलमधल्या हागोश्रिम या किबुत्झवरून बाजारात आले. त्यात गरगर फिरणारी स्प्रिंग केस पकडून उपटत असे. हल्ली तिच्या जागी चिमटे असतात. वॅक्समध्ये जे एका झटक्यात होते ते इथे अर्धा तास खरखर करत होते, आणि स्वतःच्या हाताने. स्वतःला ओळखत असाल तरच घ्यावे.

लेझरच्या जाहिरातीत ‘कायमचे’ हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. त्वचारोगतज्ज्ञ मात्र ‘केस कायमचे कमी होणे’ म्हणतात, आणि दोन्हींत पुष्कळ पैशांचे अंतर आहे. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो, त्याची उष्णता होते आणि मूळ भाजते. गोऱ्या कातडीवर काळा केस असला की नेम सोपा. आपल्या सावळ्या त्वचेतही तोच रंग भरपूर असतो, म्हणून चुकीच्या यंत्राने केसाऐवजी पाय भाजतो. सावळ्या त्वचेला 1064 नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. यंत्र कोणते आणि चालवणार कोण, हे पॅकेजच्या किमतीआधी विचारावे. 1920 च्या दशकात अमेरिकेत ‘ट्रायको’ नावाच्या पद्धतीने क्ष-किरणांनी केस काढून देत. वेदना नाहीत म्हणून बायका खूश होत्या. व्रण आणि कॅन्सर नंतर आले. लेझर तसा नाही, पण गुळगुळीत बोलणाऱ्या रिसेप्शनिस्टसमोर बसताना ही हकिकत आठवणे बरे.

सहा ते आठ बैठका लागतात, मध्ये काही आठवडे. या काळात वॅक्स बंद, कारण मूळच उपटले तर लेझर भाजणार काय? प्रत्येक बैठकीआधी पाय रेझरने साफ करून यायला सांगतात. म्हणजे हजारो रुपये भरून शेवटी रेझरच हाती येतो. ही बातमी मावशीपर्यंत पोचू देऊ नये.

काहीच न करणे ही पद्धतही नमूद करायला हवी. खर्च नाही, साहित्य नाही. फक्त कुरिअर घ्यायला बर्म्युडात दार उघडणाऱ्या भावाकडे पाहून ‘याला कोणी का काही म्हणत नाही?’ हा प्रश्न रोज एकदा पडतो. तो पडू द्यावा.

सर्वांत स्वस्त आणि पूर्णपणे वेदनारहित पद्धत म्हणजे वय. पाळी गेल्यानंतर पायावरचे केस हळूहळू विरळ होत जातात, पार्लरचा फोन नंबर आपोआप जुना होतो. साठीच्या बाईला पाय कसे गुळगुळीत ठेवता असे विचारले तर ती तुमच्याकडे दयेने पाहील. त्याच सुमारास हनुवटीवर एक राठ केस उगवतो, बहुधा पांढरा, जो लेझरला दिसतच नाही. त्याच्यासाठी पर्समध्ये एक चिमटा ठेवावा आणि आरसा खिडकीपाशी न्यावा. ट्यूबलाइटमध्ये तो सापडत नाही.