पाळीव उंदीर : आजार, डॉक्टर आणि खर्च

पाळीव उंदीर हा पाव ते अर्धा किलो वजनाचा, दोन-तीन वर्षे जगणारा आणि आजारपण अगदी अंगावर येईपर्यंत लपवून ठेवणारा प्राणी आहे. गटारातला तपकिरी उंदीर आणि हा, दोघांची जात एकच. फरक फक्त संस्कारांचा. तो पाळण्याची हौस व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये रुजली. राणीचा उंदीरपकड्या म्हणवणारा जॅक ब्लॅक नावाचा गृहस्थ वेगळ्या रंगाचे उंदीर हाती लागले की ते मारायचे सोडून वाढवी आणि हौशी मंडळींना विकी. छंदाचा जनकच उंदीर मारण्याच्या धंद्यातला असल्यावर पुढे सगळे सुरळीत होईल, ही अपेक्षाच चूक.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उंदराला कावळ्याच्या शेजारी, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवले होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच रद्द झाली. पण मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसे आजही काठी आणि विजेरी घेऊन रात्रपाळीला उंदीर मारत हिंडतात. त्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, कुणीतरी उंदराला नेब्युलायझरची वाफ देत जागत बसलेले असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

उंदीर उपद्रवी ठरला म्हणून वैद्यकशास्त्राला त्याची माहिती नाही असे कुणी समजू नये. उलट माणूस सोडला तर इतका बारकाईने तपासलेला प्राणी विरळाच. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेने १९०६ पासून प्रयोगांसाठी उंदरांचा खास वाण जोपासला. २००४ मध्ये उंदराचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. सस्तन प्राण्यांत हा मान माणूस आणि घरातला छोटा उंदीर यांच्यानंतर तिसरा. मुंबईत परळला तर योगायोगाची हद्द आहे. तिथे १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि प्लेगच्या साथीनंतर १८९९ मध्ये तिथेच आलेली हाफकिनची प्रयोगशाळाही आहे. एकाच भागात एक संस्था जनावरे बरी करणारी आणि दुसरी उंदरामुळे जन्माला आलेली. शिवाय औषधाची गोळी माणसाच्या हाती पडण्याआधी बहुधा उंदराच्या पोटातून जाऊन आलेली असते, त्यामुळे किलोला किती मिलिग्रॅम हे कुठेतरी छापलेले असतेच. मात्र ही सगळी विद्या माणसासाठी जमवलेली आहे. उंदीर बरा होऊन घरी जावा हा तिचा हेतू कधीच नव्हता, म्हणून ती ग्रंथालयात राहते आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पोचत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. पशुवैद्यकाच्या साडेपाच वर्षांत त्याचा भर गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांवर असतो. शहरात आल्यावर कुत्री-मांजरे त्याचे पोट भरतात. उंदराचे दूध संघात जात नाही आणि तो कुणाच्या बंगल्याची राखणही करत नाही. तेव्हा “आम्ही उंदीर बघत नाही” हे उत्तर ऐकून वाईट वाटून घेऊ नये. ते प्रामाणिक उत्तर आहे. “आणा, बघू या काय होतंय ते” हे जास्त धोक्याचे.

मुंबई-पुण्यात काही डॉक्टर ‘एक्झॉटिक’ प्राणी बघतात, म्हणजे ससे, गिनिपिग, पोपट, कासव. चौकशी तिथून सुरू करावी. ससा हाताळणाऱ्याला उंदीर अगदीच परका नसतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये (परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर) खासगी दवाखान्यांच्या मानाने खिशाला परवडतात. तिथे रोग्याभोवती विद्यार्थी गोळा होतात, आणि उंदराला आयुष्यात प्रथमच प्रेक्षक मिळतात. तिसरा मार्ग फारसा कुणाच्या डोक्यात येत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांना पशुवैद्यकीय देखभाल मिळालीच पाहिजे असे नियम आहेत. त्यामुळे औषध कंपन्यांच्या आणि संशोधन संस्थांच्या प्राणीगृहात काम केलेले पशुवैद्य मुंबई-पुण्यात आहेत. अशा माणसाने हजारो उंदीर हाताळलेले असतात. अमुक उंदीर वाचवा म्हणून गळ घालणारा मालक मात्र त्याला भेटलेला नसतो.

डॉक्टर पारखायला एक प्रश्न पुरतो, आणि तो फोनवरच विचारावा : “ऑपरेशनच्या आधी किती तास उपाशी ठेवायचं?” कुत्र्या-मांजरांना भूल देताना उलटी होऊन श्वासात जाऊ नये म्हणून उपास घडवतात. उंदराला उलटी करताच येत नाही. त्याला रात्रभर उपाशी ठेवले तर रक्तातली साखर उतरून तो टेबलावर चढण्याआधीच गळाठतो. “उपाशी? कशाला?” असे उत्तर आले तर गाडी काढावी. “बारा तास” आले तर आभार मानून फोन ठेवावा.

प्रत्यक्ष भेटीत पहिली अडचण वजनाची. दवाखान्याचा काटा लॅब्रॅडॉरसाठी जमिनीत बसवलेला असतो. त्यावर तीनशे ग्रॅमचा उंदीर ठेवला तरी आकडा शून्यावरून हलत नाही. औषधाचा हिशेब मात्र वजनावरच असतो. म्हणून मालकाने घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर, डब्यात बसवून, वजन करून आणावे. (तो डबा पुन्हा पिठासाठी वापरू नये, हे घरातली माणसे आपण होऊन सांगतातच.) स्टेथोस्कोपची चकती उंदराच्या छातीपेक्षा मोठी निघते आणि हृदय मिनिटाला तीनशे-चारशे ठोके देत असते, तेव्हा डॉक्टर मोजण्याचा नाद सोडून मान डोलावतात. जाणते मालक उंदराला मोबाइलसारखा कानाला लावतात. आतून टिकटिक किंवा घरघर आली, तर पुढचे महिने औषधाचे.

ही घरघर हाच उंदराचा मुख्य आजार. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वासमार्गात मुक्कामाला असतो आणि कायमचा जात नाही. अँटिबायोटिकने त्याला फक्त गप्प बसवता येते. उंदीर नाकानेच श्वास घेतो, म्हणून साधे नाक चोंदणेही त्याला महाग पडते. पिंजऱ्यात देवदार किंवा पाइनचा भुसा घातल्याने त्यात भर पडते. डोळ्यांभोवती आणि नाकाशी लाल डाग दिसले की मालक “रक्त!” म्हणून ओरडतो. ते रक्त नसते. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा तो लाल रंगाचा स्राव असतो आणि तो उंदराला ताण किंवा आजार आहे एवढेच सांगतो. नवखा डॉक्टर ते पाहून “विष खाल्लं असेल” म्हणतो. उंदराच्या बाबतीत ही शंका येणे साहजिकच. पिवळे-नारिंगी दात पाहूनही घाबरू नये. तो निरोगी दातांचा रंग आहे.

या जंतूवर बहुधा डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लोक्सासिन ही जोडगोळी लिहून देतात. चव कडू. श्रीखंडात कालवून चाटवण्याचा मोह मराठी घरात हमखास होतो आणि उंदीरही तयार असतो. पण दुधातले कॅल्शियम या औषधांना बांधून ठेवते आणि ती अंगी लागत नाहीत. कुस्करलेले केळे बरे. मात्रा मिलिलिटरच्या दहाव्या भागात असते, त्यासाठी बिनसुईची एक मिलिलिटरची सिरिंज लागते. मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवावी. उंदरासाठी औषध हवे असे तोंडी सांगितले, तर दुकानदार निरागसपणे समोरच्या किराणा दुकानाकडे बोट दाखवतो.

माद्यांना उतारवयात गाठी होतात. स्तनाची ऊती गळ्यापासून मांड्यांपर्यंत पसरलेली असल्याने गाठ खांद्यामागेही येऊ शकते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण वाढत वाढत चालणे मुश्किल करतात. वाटाण्याएवढी असताना काढली तर शस्त्रक्रिया थोडक्यात आटोपते. लिंबाएवढी होईपर्यंत थांबले की भूल, रक्तस्राव आणि बिल तिन्ही वाढतात. भूल आयसोफ्लुरेन वायूची असावी आणि शुद्धीवर येईपर्यंत अंगाला ऊब द्यावी. इतके लहान शरीर झपाट्याने गार पडते.

खर्चाची बाब थोडक्यात सांगता येते. उंदीर काही शे रुपयांत मिळतो, गाठ काढायला काही हजार लागतात : चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. ‘त्यात दहा नवे येतील’ असे म्हणणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याचे गणित बरोबर आहे आणि त्याला उत्तर नाही. उंदीर एकटा ठेवू नये, दोन तरी ठेवावेत, म्हणजे खर्चही दुप्पट धरावा. दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकलेले बरे. एकच खाते कोरे राहते : उंदरासाठी कोणतीही लस नाही, त्यामुळे वार्षिक लसीकरणाचा खर्च शून्य.

चांगला डॉक्टर सापडला तर “एवढ्याशा जिवाची एवढी फी?” अशी घासाघीस करू नये, आणि त्याचा नंबर दुसऱ्या उंदीरवाल्याला जरूर द्यावा. महिन्याला चार उंदीर येऊ लागले तरच तो ग्रॅमचा काटा विकत घेईल.