छत्रीचा गोल्फ

तोक्योच्या रेल्वे फलाटांवर काही नोकरदार मिटलेली छत्री धरून गोल्फचा ‘स्विंग’, म्हणजे चेंडू टोलवताना काठीला दिला जाणारा पूर्ण झोका, चेंडूविनाच गिरवताना दिसत आले आहेत. ही या खेळाची सर्वांत शुद्ध अवस्था मानावी लागते, कारण 108 मिलिमीटर व्यासाच्या भोकाने थोरामोठ्यांची जी अप्रतिष्ठा केली, तिला येथे वावच नाही (शिवाय पाऊस आल्यास हे साधन उघडता येते). नियमांनुसार चेंडू मारण्याचा हेतू नसलेला झोका फटक्यांत मोजला जात नाही, आणि सर्वांत कमी फटके घेणारा विजयी ठरत असल्याने शून्य फटक्यांचा हा फलाटवीर सदैव अजिंक्य राहतो. याच न्यायाने कचेरीतही प्रत्यक्ष काम वगळून केवळ त्याच्या हालचालींचा सराव करावा, अशी सूचना करता आली असती. परंतु ती तेथे पूर्वीपासूनच अमलात आहे.