तिकडे निम्म्यात मिळतं

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांच्यासमोर नवी वस्तू काढायची चोरी. मिक्सर असो, चष्म्याची फ्रेम असो की पोराचं दप्तर, काका ती उलटीसुलटी करून बघतात, किंमत विचारतात आणि हळहळतात. "कशाला घेतलंत इथे? तिकडे निम्म्यात मिळतं." हे 'तिकडे' अधूनमधून बदलतं. आधी बँकॉक होतं, मग दुबई, हल्ली अमेरिका.

बँकॉकचा काळ काकांच्या वैभवाचा. भला मोठा सपाट टीव्ही त्यांनी विमानातून आणला होता आणि अख्खी बिल्डिंग तो बघायला बोलावली होती. 26 ऑगस्ट 2013 पासून सरकारने प्रवाशांच्या करमुक्त सामानातून असे टीव्ही वगळले. ती तारीख काका पुण्यतिथीसारखी लक्षात ठेवून आहेत.

मग न्यू जर्सीचा भाचा कामाला लागला. त्याला पार्सलवर ठळक अक्षरांत 'गिफ्ट' लिहायची सक्त ताकीद होती, कारण 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला ड्युटी नव्हती. डिसेंबर 2019 मध्ये ती वाटही बंद झाली. सवलत उरली ती राखीला आणि जीवरक्षक औषधांना. "म्हणजे आता बिनकराची राखीच तेवढी येणार," काका म्हणाले, "आणि आमची बहीण नागपुरात."

काकांच्या हिशेबात डॉलरचा भाव कुठल्याशा जुन्या साली थांबलाय, पुढे सरकायला तयार नाही. एकदा मी कागद-पेन घेऊन बसलो. म्हटलं, काका, कस्टमवाले वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवतात, म्हणजे पार्सलच्या भाड्यावरसुद्धा ड्युटी. समजा शंभर रुपयांवर 10 रुपये ड्युटी लागली. त्या ड्युटीवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, तो 1 रुपया. आता या 111 वर 18 टक्के आयजीएसटी. म्हणजे करावरही कर. शंभराचे जवळजवळ 131 झाले. कुरिअरवाल्याचा क्लिअरन्सचा आकार वेगळा, परदेशी व्यवहार म्हणून बँक कार्डावर लावते ते वेगळं. काकांनी कागद नीट वाचला, घडी घालून मला परत दिला. "हे सगळं बरोबर आहे. पण हा कर झाला. किंमत कुठे वाढली?"

या वाक्याला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. काका खोटं बोलत नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. ते किंमत सांगतात, आणि ती खरीच असते. बाकीचं सगळं त्यांच्या लेखी घरखर्चात जातं.

मागे त्यांनी अमेरिकेतून कॉफीचा ग्राइंडर मागवला. साठ डॉलर. ऑर्डर दिल्यापासून फोन हातातून सुटेना. जिन्यात भेटलं की "नमस्कार" नाही, थेट "मुंबईत उतरलं!" उतरलं ते कस्टममध्ये बसून राहिलं. केवायसीसाठी आधार कार्ड मागितलं, तेव्हा मात्र काका खवळले. "कॉफी दळायला आधार?" दिलं अर्थात. मग एके दुपारी आमची बेल वाजली. दारात काका, त्यांच्या मागे जिन्यात कुरिअरचा मुलगा. "जरा तीन-साडेतीन हजार असतील का? संध्याकाळी देतो. आणि हिच्याजवळ बोलू नका." काकू वरच्या कठड्यावरून हे सगळं ऐकत होत्या.

ग्राइंडर देखणा होता, नाही म्हणवत नाही. फक्त तो 110 व्होल्टचा निघाला. काका दुसऱ्याच दिवशी लॅमिंग्टन रोडला जाऊन स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. तो ग्राइंडरपेक्षा जड होता. स्टेशनवरून रिक्षा करावी लागली, तेही घरखर्चात. इथे वॉरंटी चालत नाही म्हणून ग्राइंडरला काकूंनी हात लावायचा नाही, अशी नवी सूचना निघाली. काकूंनी ती आनंदाने मान्य केली. त्या चहा पितात.

आता कोणी पाहुणे आले की काका स्वतः कॉफी करतात, आणि खरंच फक्कड करतात. पाहुणे ग्राइंडरची किंमत विचारतात.

"साठ डॉलर फक्त."

"आणि?" स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो.

"आणि काय? साठ डॉलर."

गेल्या आठवड्यात काका फोनवर जपानी राइस कुकर दाखवत होते. मी म्हटलं, काका, जपानात 100 व्होल्ट असतं.

"अहो, मग फायदाच आहे," काका म्हणाले. "ट्रान्सफॉर्मर घरचाच आहे. त्याचा खर्च वाचला."